भयकादंबरी वाचून भीती वाटली नाही, तर ती फसली का?

पातलीपाडा
इथल्या सगळ्यांनी डोकं खाल्लं म्हणून नारायण धारपांची ‘लुचाई’ अखेर वाचली. एकदाही अंगावर काटा आला नाही. सुरुवातीला बराच वेळ गावातल्या माणसांची नुसती ओळखपरेड. संपल्यावर कळलं की गावात शिरलेल्या रक्तपिपासू पिशाच्चाची ही मूळ गोष्ट अमेरिकन लेखक स्टीफन किंगची, १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’ची. म्हणजे उसनं घेऊनही घाबरवता आलं नाही. मराठीत भयकादंबरी असा प्रकारच नाही, असं माझं मत झालंय. आहे ती पन्नाशीतल्या लोकांची शाळेच्या सुट्टीतली आठवण, आणि तिलाच ते थोर साहित्य म्हणतात. पटत नसेल तर सांगा.

खोपटकर
पटत नाही, आणि राग आलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्हीच मागे इथे लिहिलं होतंत की घोडबंदर रोडला बस अडकली की मोबाईलवर वाचता. बाजूला हॉर्न, वर सोसायटीच्या ग्रुपचे मेसेज, आणि अशात धारपांनी तुम्हाला घाबरवायचं? रात्री घरातले झोपल्यावर, एकट्याने, सलग वाचा आणि मग बोला. आम्ही रात्रीच वाचायचो. वडिलांना ही पुस्तकं घरात चालायची नाहीत. मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणायची आणि अभ्यासाच्या वहीखाली ठेवायची. १८९३ पासूनची ती संस्था, तिथे धारपांसाठी नंबर लावावा लागे.

आता तुमची ‘ओळखपरेड’. रात्री खिडकीशी अनोळखी माणूस उभा दिसला तर आपण चोर म्हणून ओरडू. पण ज्यांना परवा पोचवून आलो त्या शेजारच्या काकू खिडकीशी उभ्या राहून ‘दार उघड गं’ म्हणाल्या तर? त्या काकू आधी वाटीभर साखर मागायला येऊन गेलेल्या असल्या पाहिजेत. गाव ओळखीचं झाल्याशिवाय गाव बुडाल्याची भीती वाटणारच नाही. तुम्हाला जो कंटाळा वाटला तोच या कादंबरीचा पाया आहे.

आणि उसनं म्हणणं सोपं आहे. पाश्चात्त्य रक्तपिपासूला क्रॉस, चर्च, पवित्र पाणी यांचा धाक. ते सगळं मराठी गावात आणून ठेवलं तर वाचक हसेल. काढून टाकलं तर तो पिशाच्च कशाला घाबरणार? आपल्याकडच्या भुतांचे कायदे वेगळे. मुंजा पिंपळावर, चकवा वाट विसरायला लावणार, ब्रह्मसमंध म्हणजे त्याला विद्येचा अहंकार. या सगळ्यात परका पिशाच्च बसवायचा तर अख्खं घर नव्याने बांधावं लागतं. ते काम ज्याने केलं त्याला तुम्ही एका शब्दात उडवलंत.

ऐरोली_वाचक
ताई, पिशाच्चाचं घर नव्याने बांधलं हे मान्य. पण जमीन कोणाची, ते पाटीवर लिहायला नको? माझी तक्रार धारपांपुरती नाही. आपल्याकडे कित्येक पुस्तकांवर मूळ लेखकाचं नाव नसायचं. वाचक वर्षानुवर्षं लेखकाच्या कल्पनाशक्तीला दाद देणार आणि एक दिवस पुतण्या इंग्रजी पुस्तक हातात देऊन म्हणणार, काका, हे बघा. माझ्याबाबतीत असंच झालं. फार अपमान वाटला.

कळवा_फास्ट
यात अपमान कसला? देवलांचा ‘झुंझारराव’ म्हणजे ऑथेल्लो. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं. मराठी रंगभूमी अशीच उभी राहिली.

ऐरोली_वाचक
आगरकरांनी शेक्सपिअर लपवला नव्हता. पु. लं.नीही ‘ती फुलराणी’ बर्नार्ड शॉच्या नाटकावरून केलं हे लपवलं नाही, आणि त्यामुळे पु. लं.चं काही कमी झालं नाही. माझा मुद्दा एवढाच आहे.

कळवा_फास्ट
आणि किंगने काय केलं? त्याची ती कादंबरी म्हणजे १८९७ चा ड्रॅक्युला अमेरिकेतल्या गावात सोडलाय. त्याने घेतलं तर प्रेरणा, आमच्या माणसाने घेतलं तर चोरी.

ऐरोली_वाचक
किंगने ते उघड सांगितलंय. विद्यार्थ्यांना ड्रॅक्युला शिकवताना विचार आला की हा आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल. शिवाय त्याने पात्रं, गाव, घटना स्वतः रचल्या. ढाचा घेणं आणि घटनाक्रम घेणं यात फरक आहे, आणि तो तुम्हालाही कळतो.

आणखी एक. ‘तुंबाड’ सिनेमा २०१८ ला आला तेव्हा याच ग्रुपवर आपण सगळ्यांनी छाती फुगवून लिहिलं की बीज धारपांच्या ‘आजी’ कथेचं आहे, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलंय, हे लोकांना कळलंच पाहिजे. कळलंच पाहिजे, बरोबर. मग किंगचं का नको?

कळवा_फास्ट
आता ऐका. तुम्ही इंग्रजी माध्यमात शिकलात की नाही मला माहीत नाही, पण तुमच्या बोलण्यात तो तोरा आहे. आम्ही विटाव्याच्या चाळीत वाढलो. किंग नावाचा माणूस आहे हे आम्हाला कोण सांगणार होतं? आठवीतल्या पोराला डिक्शनरी घेऊन सहाशे पानी इंग्रजी पुस्तक वाचायला लावणार होतात? धारपांमुळे आम्ही पुस्तकाला हात लावला. माझा मोठा भाऊ शाळा सुटल्यावर फक्त धारप वाचायचा, दुसरं काही नाही. कंपनीत रात्रपाळीला पुस्तक डब्याच्या पिशवीत. त्याचं वाचन तुमच्या पाटीपेक्षा मला मोठं वाटतं.

ऐरोली_वाचक
माझे वडील एमआयडीसीत फिटर होते, मी नगरपालिकेच्या शाळेत शिकलो. तोरा वगैरे शब्द परत वापरू नका. तुमच्या भावाच्या हातातल्या पुस्तकावर मूळ नावाची एक ओळ असती तर त्याचं वाचन थांबलं असतं? उलट त्याला पुढचं दार दिसलं असतं. तुम्ही ज्या माणसाच्या बाजूने भांडताय त्याच्यापासूनच ती ओळ लपली.

कोपरखैरणे_१९
श्रेयाचं भांडण चालू द्या. मला या पुस्तकांबद्दल वेगळी चीड आहे. डॉक्टर येतो, ‘काही नाही, मनाचे खेळ’ म्हणतो, आणि पुढच्या प्रकरणात तोंडघशी पडतो. मग जाणता पुरुष येतो आणि सुटका होते. धारपांच्या ‘समर्थ’ नावाच्या नायकाच्या कथा घ्या, उपाय शेवटी त्याच्याकडेच. माझ्या मावशीला फिट यायच्या. घरच्यांनी गावातल्या भगताकडे नेलं. अंगारे, उतारे, कोंबडं. औषध सुरू होईपर्यंत मावशीचं लग्न मोडलं होतं आणि भाजल्याचा डाग गालावर कायमचा राहिला. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा दाभोलकरांच्या खुनानंतर आला. साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. एवढं सांगायला कायदा लागतो अशा समाजात ही पुस्तकं निरागस नसतात.

खोपटकर
मावशींचं वाचून फार वाईट वाटलं. त्यावर वाद घालणार नाही. प्रत्येक गोष्टीत डॉक्टर मूर्ख दाखवणं हा लेखकाचा आळस आहे, एवढं मान्य. त्यापुढे नाही. भगताकडे नेणाऱ्या तुमच्या घरच्यांनी कादंबऱ्या वाचल्या होत्या का? तो कायदाही फसवणूक आणि अघोरी कृत्यांसाठी आहे, गोष्ट सांगण्यावर नाही. समर्थ भोंदू नाही, कथेतला नायक आहे, आणि बहुतेक वाचकांना हा फरक कळतो.

कोपरखैरणे_१९
बहुतेकांना कळतो. माझ्या आजीला कळला नाही. तिने पुस्तकं वाचली नव्हती, पण अशा गोष्टी ऐकतच ती म्हातारी झाली.

नेरूळ_पूर्व
रत्नाकर मतकरींचं नाव अजून कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. त्यांच्या गूढकथांत बहुतेकदा मांत्रिक लागतच नाही. माणसाचाच मत्सर, अपराध, हाव, आणि शेवटच्या ओळीत पायाखालची जमीन सरकते. कोपरखैरणे, तुमच्या आक्षेपाला उत्तर तिथे आहे. पातलीपाडा, ‘मराठीत नाही’ म्हणण्याआधी मतकरी वाचा, आजच्यांपैकी हृषीकेश गुप्ते वाचा. २०२० च्या मे महिन्यात मतकरी करोनाने गेले तेव्हा सगळीकडे बालनाट्यांच्याच आठवणी दिसत होत्या. मुलांना हसवणारा हाच माणूस मोठ्यांची झोप उडवायचा, हे फार थोड्यांनी लिहिलं.

आणि भीतीबद्दल. ड्रॅक्युलाला कोणीतरी आत बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. आमच्या टॉवरमध्ये कोणी आलं की गेटवरून मोबाईलवर विचारणा येते, पाठवू का? आपण न बघता ‘हो’ दाबतो. मराठी लेखकाने यावर लिहावं, मी पुस्तक पहिल्या दिवशी विकत घेईन.

पातलीपाडा
मतकरी आणि गुप्ते दोघांचं घेतो. ‘मराठीत नाहीच’ हे वाक्य तोवर बाजूला ठेवतो, मागे घेत नाही. गेटवरच्या विचारणेने मात्र ‘लुचाई’पेक्षा जास्त धसका दिला, काल रात्री जेवण मागवल्यावर दोनदा नाव वाचलं. पण खोपटकर ताई, बसमध्ये भीती वाटत नाही हा पुस्तकाचा दोष नाही, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं चांगलं पुस्तक बससुद्धा विसरायला लावतं.

खोपटकर
विनोदी पुस्तक लावेल, रहस्यकथाही लावेल. भयकथेला थोडा अंधार आणि थोडी शांतता वाचकानेच द्यायची असते. यावर मी हटणार नाही. रविवारी सकाळी नौपाड्यात आहे. मतकरींची ‘खेकडा’ माझ्याकडे आहे, घेऊन जा. परत करायच्या बोलीवर.

कळवा_फास्ट
ऐरोली, तुमच्या वडिलांबद्दल माहीत नव्हतं, तोरा शब्द सोडतो. बाकी काही सोडत नाही. आतल्या पानावर मूळ लेखकाचं नाव छापायला माझी ना नाही. पण ते छापलं म्हणून कोणी धारपांना भाषांतरकार म्हणायला लागलं तर त्याच्याशीही असाच भांडेन.

ऐरोली_वाचक
तेव्हा मी तुमच्या बाजूने असेन. आधी ती ओळ येऊ दे.