मदत हवी आहे: मुख्य साइट आणि नाशिक शाखेची साइट, मजकूर एकच

ठिबक सिंचनाच्या साहित्याची कंपनी. अंबड एमआयडीसीतल्या शाखेचं डोमेन वेगळं. उत्पादनांची ४० पानं दोन्हीकडे शब्दशः सारखी. शाखेच्या पानांवर मुख्य पानाचा कॅनॉनिकल टॅग (सारख्या पानांतलं मूळ कोणतं हे गूगलला सांगणारी खूण) आहे, तरी सर्च कन्सोल (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) दाखवतं की गूगलने दुसरंच पान निवडलं. टॅग ही फक्त सूचना असते, मान्य. पण शाखेच्या साइटमॅपमध्ये (सर्च इंजिनला दिलेल्या पानांच्या यादीत) हीच पानं अजून आहेत, घोळ तिथेच असेल का? रोबोट्स फाइलमध्ये (कोणती पानं वाचू नयेत हे सर्च इंजिनला सांगणाऱ्या) काही अडवलेलं नाही. अडवलं तर टॅगच वाचला जाणार नाही.

सरसकट ३०१ (शाखेच्या पानावरून कायमचं मुख्य पानावर वळवणं) नको. निफाड-पिंपळगावचे द्राक्ष बागायतदार तिथे १६ मिमी लॅटरलचा (ठिबकच्या नळीचा) साठा बघतात. त्यापेक्षा शाखेची पानं मराठीत लिहून, दोन्हीकडून एचरेफलँग (दुसऱ्या भाषेतलं तेच पान कुठे आहे हे सांगणारा टॅग) आणि प्रत्येक पानाचं कॅनॉनिकल स्वतःकडेच, हे बरं वाटतं. कोणी केलंय का? सुरुवात कोणत्या पानांपासून करावी?