चुंबकीय शेपटीत आयन उलटे पृथ्वीकडे कसे काय येतात?

राहुकेतू:
नासाच्या एमएमएस मोहिमेच्या ११ जुलै २०१७ च्या डेटावर डोकं फोडतोय. तिची चारही यानं रात्रीच्या बाजूला, म्हणजे सौरवाऱ्याने मागे ताणलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत, पृथ्वीच्या साधारण २२ त्रिज्या लांब. आयनांचा व्हीएक्स (पृथ्वी-सूर्य रेषेवरचा वेग) आधी मायनस, म्हणजे शेपटीच्या टोकाकडे, ते ठीक, सौरवारा तिकडेच जातो ना. पण मग तो सरळ प्लसमध्ये, म्हणजे पृथ्वीकडे गेला! मी साइन चुकीचं वाचतोय का?

शेंडेनक्षत्र:
नाही रे, बरोबर वाचलंयस. शेपटीच्या वरच्या अर्ध्यात चुंबकीय फील्ड पृथ्वीकडे, खालच्यात उलटं, मधला पडदा (करंटचा थर) पातळ होत गेला की दोन्हीकडच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि ताणलेल्या बेचकीसारखा प्लाझ्मा दोन्ही बाजूंना भिरकावतात. यान जवळजवळ जागेवरच होतं, ती तुटायची जागाच त्याच्यावरून शेपटीकडे सरकली. त्याच वेळी बीझेड (फील्डचा उत्तर-दक्षिण घटक) पण मायनसचा प्लस झालाय का बघ.

राहुकेतू:
हो झालाय, भारी! पण आयनांचं टेम्परेचर पण वाढलेलं दिसतंय, ते खरंच तापले का?

गणितवेडा:
तिथेच सगळे फसतात, मी पण महिनाभर फसलो होतो. ५ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) एनर्जीचा प्रोटॉन २० नॅनोटेस्लामध्ये सुमारे ५०० किमी त्रिज्येचा गोल मारतो, पडद्याच्या मधोमध फील्ड २ वर आलं की तीच त्रिज्या ५००० किमी, म्हणजे गोल पुरा व्हायच्या आतच तो पडदा ओलांडून पलीकडे. तेवढ्याच एनर्जीचा इलेक्ट्रॉन बिचारा २० मध्ये १२ किमीतच फिरतो. त्यामुळे वरून आणि खालून आलेले आयन एकमेकांत घुसतात, दोन वेगळे बीम असतात, आणि सॉफ्टवेअर दोघांची सरासरी काढून मधल्या फरकाला टेम्परेचर म्हणून मोकळं होतं. नुसती ग्राफची लाइन नको, डिस्ट्रिब्यूशन (कुठल्या वेगाचे किती आयन, तो नकाशा) उघड, एक ठिपका दिसतोय का दोन.

शेंडेनक्षत्र:
आणि ऑक्सिजन विसरू नका. तो आपल्याच वातावरणातून वर जातो, जपानच्या कागुया यानाला तर थेट चंद्रापाशी सापडला होता. एमएमएसवरचं कण मोजणारं उपकरण एफपीआय वस्तुमान ओळखत नाही, सगळ्यांना प्रोटॉन समजतं, आणि तेवढ्याच एनर्जीला ऑक्सिजनचा खरा वेग प्रोटॉनच्या पाव असतो. एचपीसीए हे दुसरं उपकरण ते वेगळं करतं, पण हळू, एफपीआयसारखं दर १५० मिलिसेकंदांना नाही.

राहुकेतू:
उघडलं. दोन ठिपके आहेत 😅