मदत हवी आहे : स्पेक्ट्रम प्लसच्या कॅसेटमधला अप्पांचा प्रोग्रॅम वाचवायचा आहे (नाशिक)

मंडळी,

गेल्या महिन्यात पंचवटीतलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर अप्पांचा कॉम्प्युटर सापडला. डीबी स्पेक्ट्रम प्लस. मूळ मशीन इंग्लंडच्या सिंक्लेअरचं, आपल्याकडे डेसिबेल्स कंपनी परवाना घेऊन बनवायची. झेड-८० प्रोसेसर, ४८ के मेमरी, आणि साठवण सगळी कॅसेटवर. मशीन बंद केलं की मेमरी कोरी. म्हणून दर वेळी टेपरेकॉर्डरची वायर जोडून प्रोग्रॅम नव्याने चढवायचा. टीव्हीच्या कडेला आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे. पिवळे दिसले की आम्ही भावंडं गप्प बसायचो, जणू आमच्या बोलण्याने ते थांबतील.

अप्पा सातपूरला कारखान्यात होते, पण जीव सगळा निफाडला, काकांच्या द्राक्षबागेत. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की केवडा रोगाची धास्ती, मग बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाची फवारणी. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, इतकं काकांना तोंडपाठ होतं. पण बाग चार तुकड्यांत, प्रत्येकाला पाणी वेगळं, टक्केवारीही दर वेळी तीच नाही. अप्पांनी त्यासाठी बेसिक या संगणकीय भाषेत प्रोग्रॅम लिहिला. काका पंचवटीत आले की चहा होण्याआधी "यंत्राला विचार रे" म्हणत.

अप्पांची एक सवय होती. प्रोग्रॅम टेपवर उतरवण्याआधी ते स्वतःच्या आवाजात नाव सांगून ठेवत, म्हणजे नंतर शोधायला सोपं. या कॅसेटवर ते म्हणतात, "बोर्डो. निफाडचं. दुरुस्त केलेलं." मग प्रोग्रॅमची शिट्टी सुरू होते. त्यांच्या आवाजाचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही.

आता अडचण. कॅसेट प्लेअरवरून लॅपटॉपवर आवाज उतरवला, वेव्ह फाइल केली, एम्युलेटरला (लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) दिली. 'प्रोग्रॅम: बोर्डो' हे नाव पडद्यावर येतं (तेव्हा मी रडले). म्हणजे सुरुवातीचा छोटा हेडर नीट वाचला जातो. पण पुढचा मोठा भाग सुरू झाला की थोड्या वेळाने 'आर टेप लोडिंग एरर'. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. एक बिट जरी चुकला तरी शेवटच्या पडताळणीत मशीन सगळं नाकारतं, हे वाचलं आहे.

१. प्लेअरचा बेल्ट सैल आहे, आवाज किंचित डोलतो. आधी बेल्ट बदलू की हेडचा स्क्रू फिरवून आवाज जास्तीत जास्त तीक्ष्ण करू? टेप फार वेळा चालवायची भीती वाटते.

२. वेव्ह फाइलमधून तुटका का होईना, बेसिकचा मजकूर बाहेर काढता येतो का? ओळी अर्धवट आल्या तरी चालतील. हिशेब मला माहीत आहे, गाळलेलं भरून घेईन.

३. मशीनचा मूळ अडॅप्टर हरवला आहे. एमजी रोडवरच्या एका दुकानात साधा नऊ व्होल्टचा लावू लागले होते, मी हात धरला. स्पेक्ट्रमला मधली पिन निगेटिव्ह लागते, बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरना ती पॉझिटिव्ह असते. उलटा लावला तर आतले चिप जातील. योग्य अडॅप्टर बनवून देणारं, आणि इतकी वर्षं बंद पडलेलं मशीन सुरू करण्याआधी उघडून तपासणारं नाशिकमध्ये कोणी आहे का? नाशिकरोड, सिडको, कुठेही घेऊन येईन.

मशीन नंतर सुरू झालं तरी चालेल, कॅसेट आधी. साठ मिनिटांची आहे, बोर्डो 'बी' बाजूला, साधारण मध्यावर. कोणी ऐकून सांगणार असेल तर वेव्ह फाइल पाठवते.