उत्तर: वाइन-बिअर चाखण्याची संध्याकाळ: बाटल्या, क्रम, वडे

प्रेषक: मेधा
नमस्कार मंडळी,
नावं २८ आली आहेत. चार वाइन, तीन बिअर एवढं नक्की. त्यात एक नाशिकची शेनिन ब्लां (पांढरी वाइन) आहे, भारतातल्या सुट्टीहून इथे जर्मनीत परतणारे आणताहेत. केदार, क्रम आणि मापं तू लिही. बटाटेवडे, लसणाची चटणी आणि भरली वांगी माझ्याकडे.

प्रेषक: केदार
मेधाताई,
वाइन-बिअर चाखणं संपल्यावरच वडे तळा. तळणीचा वास हॉलभर झाला की रीसलिंगचा (पांढरी जर्मन वाइन) वास कोणालाच लागणार नाही. उदबत्ती, गजरे, अत्तर यांनाही तेवढे दोन तास सुट्टी. टेबलावर साधा पाव आणि बिनगॅसचं पाणी पुरे.

प्रत्येकाला ५० मिली. ७५० मिलीच्या दोन बाटल्यांत २८ जणांचं भागून १०० मिली उरते. बिअर १०० मिली धरली तर प्रत्येक प्रकारच्या अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या लागतील. सगळं प्यायलं तर माणशी साधारण ३० ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं, म्हणून दर टेबलाला एक पिकदाणी हवीच.

क्रम असा: ऱ्हाइनगाऊ भागातली ट्रोकन (म्हणजे गोड नसलेली) रीसलिंग, आसमान्सहाउझन गावची श्पेटबुर्गुंडर (रेड वाइन), मग शेनिन (नाशिकची बहुधा गोडसर असते), शेवटी ‘काबिनेट’ लिहिलेली रीसलिंग. ‘काबिनेट’वरून गोडी कळत नाही, तो शब्द तोडणीच्या वेळी द्राक्षं किती पिकली होती ते सांगतो. लेबलावरचं अल्कोहोल बघा. ८-९ टक्के असेल तर साखर शिल्लक आहे, १२ असेल तर ती बहुतेक आंबून गेली. आपल्याला ८-९ वाली हवी, कारण चटणीसमोर तीच टिकते. अल्कोहोल वाढलं की मिरची जास्त झोंबते आणि रेड वाइनमधलं टॅनिन (तुरट द्रव्य) तिखटावर कडवट लागतं. महागडी रेड ठेच्यासोबत देणं म्हणजे पैसे पाण्यात. श्पेटबुर्गुंडरमध्ये टॅनिन कमी असतं, ती वांग्यांसोबत चालेल.

पांढऱ्या वाइन ८ ते १० अंशांवर द्या. फ्रिजमधून वीस मिनिटं आधी काढा. रेड १५-१६ अंशांवर. हॉलमधल्या हीटरशेजारी ठेवलीत तर नुसता स्पिरिटचा वास येईल.

भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ते बुचातलं टीसीए, म्हणजे वाइन बिघडवणारं रसायन. हवा लागून तो जात नाही, बाटली बाजूला करा. जुन्या रीसलिंगला पेट्रोलसारखा वास येतो, तो मात्र दोष नव्हे. ती ओतून देऊ नका, माझ्याकडे पाठवा.

प्रेषक: मंगेश
केदारशी वाइनबाबत सहमत. बिअरमध्ये आयपीए (जास्त हॉप्सवाली कडवट बिअर) कोणी आणू नये. हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात ती फुलं) कडवटपणा आणि गॅस दोन्ही मिळून चटणीची आग वाढवतात. क्योल्श (हलकी बिअर), वाइसबिअर (गव्हाची), बांबेर्ग शहरची राउखबिअर (धुरकट) याच क्रमाने. राउखबिअरचं माल्ट (मोड आणलेलं धान्य) बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. ती आधी दिली तर पुढची प्रत्येक बिअर धुरकट लागेल. भरल्या वांग्यांशी तिची जोडी उत्तम.

वाइसबिअरचा ग्लास गार पाण्याने विसळून, तिरका धरून सावकाश भरा. तळाशी थोडी राहिली की बाटली गोल हलवून यीस्ट सुटं करा आणि मग ते सगळ्या ग्लासांत थोडंथोडं वाटा, नाहीतर शेवटच्याला नुसता गाळ. केळं आणि लवंगेचा वास यीस्टचाच असतो, कोणी काही घातलेलं नसतं.

ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटले तर तो तेलकट आहे. साबणाचा अंश राहिला तरी फेस बसतो, म्हणून शेवटचं विसळणं नुसत्या गरम पाण्याने. हिरव्या काचेच्या बाटल्या खिडकीत नकोत. उजेडाने हॉप्समधले घटक बदलतात आणि घाण वास सुटतो.

गाडीवाल्यांनो, जर्मनीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रोमिल (हजारात ०.५ भाग). लायसन्सला दोन वर्षं झाली नसतील किंवा वय २१ च्या आत असेल तर शून्य.

प्रेषक: मेधा
ठीक. चाखणं ५ ते ७, तळण ७ नंतर, तेही स्वयंपाकघराचं दार लावून. शेनिन आणणाऱ्यांनी बाटल्या चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळा. युरोपीय संघाबाहेरून येताना माणशी ४ लिटरपर्यंत वाइनवर इथे कर नाही. बिअरच्या बाटल्या क्रेटमध्येच परत ठेवा, दुकानात परत दिल्या की बाटलीमागे ८ सेंट मिळतात. वाइनच्या बाटल्या सोमवारी टाकू, रविवारी काचेच्या कंटेनरपाशी खळखळाट केला तर शेजारी तक्रार करतील.