गाडी 'थरथरते', 'हादरते' की 'डुगडुगते'?

रत्नागिरी (प्रश्न): गेल्या आठवड्यात मुंबईहून येताना गाडीचा वेग ८० च्या पुढे गेला की स्टेअरिंगला काहीतरी व्हायचं, आणि १०० च्या जवळ ते कमी व्हायचं. गॅरेजात जाऊन "व्हायब्रेशन येतंय" म्हणालो. मिस्त्रींनी उलट विचारलं, "म्हणजे नक्की काय? थरथरतं, गचके खातं की डुगडुगतं?" मला सांगता येईना. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "कंप सुटलाय." मिस्त्री हसले. तर व्हायब्रेशनला नेमका मराठी शब्द कोणता?

चिपळूण: पाठ्यपुस्तकात 'कंपन' असतं, पण ते पुस्तकातच राहिलं. 'कंप'ला आपण माणूस नाहीतर जमीन जोडतो: हाताला कंप, भूकंप. गाडीला कंप सुटला म्हटलं की तिला हिवताप झाल्यासारखं वाटतं. आणि 'हादरा' हा एकदाच बसतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारे आमच्याकडचे लोक अजून 'हादरा बसला' असंच म्हणतात. खड्ड्यात चाक गेलं तर हादरा. तुमचं ते सतत चालू होतं ना? मग हादरा नाही.

मालवण: आमच्याकडे सरळ म्हणतात, 'स्टेअरिंग थरथरता'. विषय संपलो.

दापोली: विषय संपला नाही. वीस वर्षं गाड्यांखाली झोपलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

मिस्त्रींनी तीन शब्द विचारले ते उगाच नाही. प्रत्येक शब्दामागे वेगळा बिघाड असतो. *थरथर* बारीक आणि एकसारखी, हातात मुंग्या आल्यासारखी. स्टेअरिंगला थरथर असेल तर आधी पुढची चाकं बघायची. सीटला नाहीतर पायाखालच्या पत्र्याला असेल तर मागची. ठरावीक वेगातच का येते? लहान गाडीच्या चाकाचा घेर धरा १.९ मीटर. ९० च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साधारण १३ फेरे मारतं. चाकाची एक बाजू जड असली की तेवढेच १३ धक्के. पुढच्या सस्पेन्शनची स्वतःची लय याच्या आसपास असते, ती जुळली की थरथर वाढते. वेग पुढे गेला की लय सुटते. झोपाळ्याला वेळेवर धक्का देण्यासारखंच हे.

*गचके* म्हणजे पुढे-मागे बसणारे तुटक झटके. यात चाकांचा काही संबंध नाही, इंजिन 'मिस' मारत असतं, म्हणजे मधेच एखादा स्फोट चुकतो. *लटलट* गाडी उभी असताना: चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चालू असताना सेकंदाला २६-२७ स्फोट होतात, त्यातला एक सिलिंडर सुटला की जवळपास सात वेळा लंगडल्यासारखी हलते. आख्खी गाडी हलते पण इंजिन नीट चालतंय, तर फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबर गेलं. *घरघर* कानाला येते, हाताला नाही. ती बहुधा बेअरिंगची.

आणि ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग हललं, पायाला पेडल ठोके देऊ लागलं, तर ब्रेकची डिस्क 'आऊट', म्हणजे वाकडी फिरतेय. सायकलवाला चाकाचा आऊट काढतो, तोच हा शब्द. कशेडीच्या जुन्या घाटात टॉप गिअरमध्ये ब्रेक दाबून उतरणाऱ्यांना हा प्रसाद हमखास मिळतो. (जोरात ब्रेक मारल्यावर एबीएसचे, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे ठोके लागतात, ते वेगळे. त्यासाठी गॅरेज गाठू नका.)

चिपळूण: मग 'डुगडुग' राहिली.

दापोली: डुगडुगणारं टेबल आठवा. पाय सैल. गाडीत ती कमी वेगाला येते, गाडी सावकाश उजवी-डावी हलते. चाकाचे नट सैल आहेत का ते पहिल्यांदा बघायचं, आणि तोवर गाडी चालवायची नाही. टायरला फुगा आला असेल तरी असंच होतं.

वेंगुर्ला: होडीवाल्यांच्या 'हेलकावा' शब्दाला कुणी हात का लावत नाही? आमच्या जुन्या जीपचे शॉक गेले तेव्हा मी हाच शब्द वापरला आणि मेकॅनिकला लगेच कळलं.

दापोली: बरोबर आहे. एक उंचवटा गेला तरी गाडी तीन-चारदा वर-खाली होत राहते, तो हेलकावा. त्याला व्हायब्रेशन म्हणणारा माणूस समुद्रावर कधी गेलेला नाही.

गुहागर: एक शंका. अलाइनमेंट केली की थरथर जाते ना?

दापोली: नाही. अलाइनमेंट बिघडली की गाडी 'ओढते', एका बाजूला जाते, टायर एकाच कडेने झिजतो. थरथरीला बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाक सगळीकडून सारखं जड करणं. दोन्हीचं बिल एकत्र होतं म्हणून लोक घोळ करतात.

रत्नागिरी: मूळ प्रश्न विचारणारा परत आलो. दापोलीकरांचं वाचून "फक्त थरथर, पुढची चाकं" एवढंच सांगितलं. मिस्त्रींनी मशीनवर चढवण्याआधी चाक काढून आतली बाजू दाखवली. पावसात शेताकडे गाडी घातली होती, तो तांबडा चिखल रिमच्या आत एका बाजूला सुकून दगड झाला होता. खरवडला, धुतला, मग बॅलन्स केलं. डाव्या रिमवरचं एक छोटं वजनही पडलेलं होतं. आता १०० ला स्टेअरिंग शांत आहे. बाबांचं म्हणणं अजून तेच, की कंप गेला.

मालवण: बाबांका सांगा, कंप नाय, चिखल.