देवघेव यादीतले जुने स्क्वीझबॉक्स: घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,
या महिन्याच्या देवघेव यादीत एक स्क्वीझबॉक्स रेडिओ, एक स्क्वीझबॉक्स बूम (दोन्ही नेटवर्कवरून गाणी वाजवणारे डबे) आणि एक स्लिंगबॉक्स (घरातला टीव्ही बाहेर फोनवर दाखवणारा डबा) आहे. ज्या कंपन्यांनी ही उपकरणं बनवली त्या विकल्या गेल्या आणि सेवाही बंद पडल्या. घेऊन उपयोग आहे का?

---

काका, नमस्कार.
स्लिंगबॉक्स घेऊ नका. तो बनवणारी स्लिंग मीडिया एकोस्टारने २००७ साली घेतली आणि ९ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्व्हर बंद झाले. घरातला डबा आणि बाहेरचा फोन यांची गाठ कंपनीचा सर्व्हर घालून द्यायचा. तो गेला, डबा निकामी झाला.

रेडिओ आणि बूम मात्र जरूर घ्या. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्सची मूळ कंपनी स्लिम डिव्हायसेस २००६ मध्ये घेतली, २०१२ मध्ये ही मालिका गुंडाळली, २०२४ मध्ये मायस्क्वीझबॉक्स ही ऑनलाइन सेवाही बंद केली. पण या डब्यांना गाणी पुरवणाऱ्या, घरीच चालवता येणाऱ्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर पहिल्यापासून मुक्त स्रोत (कोणीही वापरावं, बदलावं असं) होतं. तेच आता लिरियन म्युझिक सर्व्हर (एलएमएस) या नावाने स्वयंसेवक चालवतात, आणि फार निगुतीने चालवतात.

त्यासाठी रास्पबेरी पाय ३ किंवा ४ हा छोटा संगणक आणि ८ जीबीचं मेमरी कार्ड पुरे. कार्डावर पायकोअरप्लेअर ही पायसाठीची प्रणाली टाका. सर्व्हर चढवण्याआधी तिच्या मुख्य पानावरून कार्डाचं विभाजन (पार्टिशन) वाढवा. मुळात ते इतकं लहान असतं की सर्व्हर अर्ध्यातच अडकतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मग एलएमएस टॅबमधून सर्व्हर बसवा, ९ मालिकेतली आवृत्ती घ्या. गाण्यांची यूएसबी ड्राइव्ह तिथेच माउंट होते, म्हणजे सर्व्हरला जोडली जाते. पायचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, राउटरमध्ये राखून ठेवा आणि ब्राउझरमध्ये त्यापुढे :९००० लिहा, की सर्व्हरचं पान उघडेल.

रेडिओवर 'माय म्युझिक'मध्ये 'स्विच लायब्ररी' निवडून आपला सर्व्हर घ्या. बूमवर डावं बटण दाबून धरलं की सेटअप उघडतो. स्पॉटिफायसाठी स्पॉटी प्लगइन लागतं, आणि प्रीमियम खातंही.

---

ताई, आभार. रेडिओ आणला. वायफायचं नाव दिसतं, पण पासवर्ड बरोबर असूनही जोडला जात नाही. फॅक्टरी रीसेट करू?

---

नको काका, त्याने फक्त साठवलेल्या सेटिंग्ज जातील. राउटर डब्ल्यूपीए३ या नव्या वायफाय सुरक्षापद्धतीवर असणार. रेडिओला २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय आणि जुनी डब्ल्यूपीए२ पद्धत हवी. राउटरमध्ये दोन्हींचा मिश्र पर्याय असेल तर तो लावा, नाहीतर रेडिओच्या मागच्या पोर्टात इथरनेटची तार जोडा. पाहुण्यांच्या नेटवर्कवर मात्र ठेवू नका: रेडिओ सर्व्हरला यूडीपी ३४८३ या नेटवर्क पोर्टवर हाक मारून शोधतो आणि ती हाक तिथून पलीकडे जात नाही. पायऐवजी नेहमीच्या संगणकावर सर्व्हर ठेवलात तर त्याच्या फायरवॉलमध्ये पोर्ट ३४८३ टीसीपी व यूडीपी दोन्ही आणि ९००० टीसीपी उघडा.

यादीत पुढे असं काही आलं तर देणाऱ्याला एवढंच करायला सांगा: राउटरची इंटरनेटची तार काढून घरातल्या ड्राइव्हवरचं गाणं लावून दाखवा. वाजलं तर घ्या.