एसटीचं ५१ अन् २६चं तिकीट, रेंजबाहेरचा क्यूआर अन् मेट्रोचं कार्ड: कुठं काय चालते?

झरीवाला

राजेहो, यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा ह्या पट्ट्यातल्या लालपरीचं विचारून राह्यलो. पारावर रोज याच्यावरच कालवा होते, म्हणून जाणत्यांनी नीट उलगडून सांगा.

जानेवारी २०२५ ला भाडं वाढलं तेव्हापासून तिकीट ५१, २६ असं येते. आधी पाचाच्या पटीत होतं. हा वरचा रुपया कुठून आला, अन् कंडक्टरजवळ चिल्लर नसली तर पॅसेंजरनं काय करावं? दुसरं, आमचा फाटा दोन गावांच्या मधात आहे, तरी तिकीट मागच्या गावापासून फाटते. हे नियमात बसते का? तिसरं, मशीनवर क्यूआर येते, पण जंगलपट्ट्यात रेंज नसते. खात्यातून पैसे कापल्या गेले अन् तिकीट निघालंच नाही तर? अन् शेवटचं, नागपूर मेट्रोचं कार्ड एसटीत चालते का? म्हाताऱ्या माणसाचं एसटीच्या सवलतीचं २०१९ चं स्मार्ट कार्ड आता काही कामाचं आहे का?

हिशेबासकट सांगा. नुसतं "तक्रार करा" म्हणू नका.

---

वेबिल

भाडं आणि टप्पा या दोन गोष्टी एकाच मुळाच्या आहेत, म्हणून एकत्रच सांगतो.

एसटीचं भाडं किलोमीटरवर नाही, टप्प्यावर आहे. एक टप्पा ६ किमीचा. साध्या गाडीला दर टप्प्याला आधी ८.७० रुपये होते, २५ जानेवारी २०२५ पासून १०.०५ झाले. म्हणजे ३० किमीचे पाच टप्पे, ५०.२५ रुपये. त्यात अपघात सहाय्यता निधीचा १ रुपया. हा निधी २०१६ पासून तिकिटात आहे, आत्ताचा नाही. बेरीज ५१.२५, मशीन ५१ काढतं. महिलेला किंवा ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशाला निम्मं, म्हणून २६.

मग हा रुपया आताच का टोचतो? कारण जून २०१८ च्या भाडेवाढीत तिकीट पाचाच्या पटीत केलं होतं. सात रुपये झाले तर पाच घ्यायचे, आठ झाले तर दहा. चिल्लरची कटकट मिटावी म्हणूनच ते केलं होतं. २०२५ च्या वाढीत पुन्हा एक रुपयाच्या पटीवर आणलं आणि भांडण परत गाडीत शिरलं. माझं मत विचाराल तर सगळ्या गोंधळाचं मूळ हे एकच आहे. क्यूआर, कार्ड ही त्यावरची मलमपट्टी.

आता चिल्लर. वाहकाला ड्युटीवर निघताना सुट्ट्यासाठी १०० रुपयांपर्यंत अग्रधन, म्हणजे आगाऊ रोकड, द्यायचं ठरलं. पहिल्या फेरीत पंधरा-वीस जणांनी पन्नास-शंभरच्या नोटा पुढं केल्या की ते संपलं. "तुमच्या खिशातून द्या ना" असं पुष्कळ जण म्हणतात. वाहकाला आपली खासगी रक्कम ड्युटी सुरू करतानाच वेबिलवर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहून द्यावी लागते. मार्ग तपासणीत मशीनचा हिशेब, वेबिल आणि बॅगेतली रोकड जुळली नाही तर तो अडकतो. म्हणून खिशातले आणि बॅगेतले पैसे एकमेकांत मिसळायला तो तयार नसतो. यात माज नाही.

सुटे नसतील तर वाहक तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतो. लिहून दिली नाही तर मागून घ्या. आकडा अक्षरात लिहायला सांगा, ४ चे १४ होण्यावरून दोन्ही बाजूंनी भांडणं होतात. उतरताना तिकीट पुढं करून बाकी घ्या. तेव्हाही सुटे नसतील तर ते तिकीट घेऊन आगारात वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीवर जा. तिकिटावर गाडी, वेळ, वाहक सगळं छापलेलं असतं, त्यामुळं मशीनच्या नोंदीशी ताळा लावता येतो. तिकीट फेकलं की बाकीही गेली. कागद थर्मल असतो. शर्टाच्या खिशात घामानं आणि उन्हानं अक्षरं उडतात, म्हणून लगेच दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

एकाच कुटुंबातले चौघं-पाच जण असाल तर पैसे एकानं, एकदमच द्यावेत. पाच जणांनी वेगवेगळ्या नोटा दिल्या तर पाचदा बाकी निघते, एकानं दिल्या तर एकदाच.

फाट्याचं: होय, नियमात बसतं. दोन टप्प्यांच्या मधून चढलात तर भाडं मागच्या टप्प्यापासून धरतात, आणि मधेच उतरलात तर पुढच्या टप्प्यापर्यंत. त्यामुळं ७ किमी जाणारा कधी कधी तीन टप्प्यांचं भाडं भरतो. कागद घेऊन बघा: टप्पे ६, १२, १८ किमीवर आहेत. तुम्ही ११ व्या किमीवर चढून १८ वर उतरलात तर ६ ते १८, दोन टप्पे. तेच ७ किमी अंतर ११.५ ते १८.५ असं पडलं तर ६ ते २४, तीन टप्पे. अंतर तेच, भाडं दीडपट.

आणि एक गोष्ट जी बहुतेक ग्रामपंचायतींच्या ठरावात चुकते. "आमच्या फाट्याला थांबा द्या" असा ठराव करतात. विनंती थांबा मिळाला तरी भाडं बदलत नाही, कारण थांबा वेगळा आणि टप्पा वेगळा. भाड्याचीच तक्रार असेल तर अर्ज अंतराच्या फेरमोजणीचा करावा लागतो, आणि तोही रस्ता खरोखर बदलला असेल तरच: वळण कापून सरळ झाला, नवा पूल झाला, गाडी बायपासनं जायला लागली. अर्ज आगार व्यवस्थापकाच्या मार्फत विभाग नियंत्रकांकडं. जोडीला जुना आणि नवा मार्ग दाखवणारा साधा नकाशा आणि दोन्ही मार्गांचे किमी लिहा. जलद गाडीचं भाडं साध्याइतकंच असतं, फक्त ती विनंती थांब्यावर थांबत नाही. तेव्हा "जलदचं जास्त घेतलं" हा मुद्दा अर्जात घालून अर्ज कमजोर करू नका.

---

संत्र्याची बाग

एवढं कायले करता भाऊ, रोज जाणाऱ्यानं मासिक पास काढावा. २० दिवसांचं भाडं भरायचं, ३० दिवस हिंडायचं. ना चिल्लर, ना क्यूआर.

---

वेबिल

पुरुषांना ठीक. महिन्यात २० पेक्षा जास्त दिवस जाणं-येणं असेल तर पास परवडतो. त्रैमासिक तर आणखी बरा, ५० दिवसांचं भाडं भरून ९० दिवस.

पण बायांना हा सल्ला देऊ नका. महिला सन्मान योजनेची निम्मी सवलत, १७ मार्च २०२३ पासूनची, तिकिटाला आहे, पासाला नाही. २५ दिवस जाणाऱ्या बाईला निम्म्या तिकिटानं साडेबारा दिवसांचं पूर्ण भाडं पडतं, आणि पासाला २० दिवसांचं. तीन महिन्यांचं धरलं तर साडेसदतीस विरुद्ध पन्नास. दोन्हीकडं पास तोट्यात. मुलगी बारावीपर्यंत शिकत असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफतच आहे. बाकी विद्यार्थ्यांना भाड्याच्या एक तृतीयांश.

---

टॉवरखालचा

क्यूआरचं मी सांगतो.

मशीनवर दिसणारा क्यूआर दर तिकिटाला नवा बनतो. रक्कम त्यातच भरलेली असते. तो बनवायला मशीनमधल्या सिमला रेंज लागते, पैसे पाठवायला तुमच्या फोनाला रेंज लागते, आणि "पैसे आले" हा निरोप परत मशीनवर यायला पुन्हा मशीनला रेंज लागते. तिसरा निरोप आल्याबिगर कागद बाहेर येत नाही. गाडी चालू असते, तुमचं सिम एका कंपनीचं, मशीनचं दुसऱ्या. क्यूआर बनला तेव्हा गाव होतं, पैसे कापले तेव्हा सागवान सुरू झालं. अडकते ते असं.

यावर इलाज एकच: गाडी स्टँडवर किंवा मोठ्या गावात उभी असतानाच तिकीट काढा. फाट्यावरून चढणाऱ्यानं रोखच ठेवावी. यूपीआय लाइट लावून ठेवलं तर पिन टाकावा लागत नाही अन् काम चटकन होते, पण त्यालाही नेट लागते. बिनारेंजचं ते चालते असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पैसे कापले अन् कागद नाही निघाला, तर:

पहिले मिनिट-दोन मिनिट थांबा, वाहकाला मशीनवर व्यवहाराची स्थिती तपासायला सांगा. पुढच्या गावात रेंज आली की पुष्कळदा निरोप येऊन जाते. घाईनं त्याच क्यूआरवर दुसऱ्यांदा पैसे मारू नका. तरीही नाहीच आलं तर रोख देऊन तिकीट घ्या. हे कडू वाटते, पण फोनातला "यशस्वी" म्हणजे तिकीट नव्हे. तपासणी पथक चढलं तर चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा १०० रुपये, जे जास्त असेल ते, वर मूळ भाडं वेगळं.

मग अॅपमध्ये तो व्यवहार उघडून १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, उतरवून घ्या आणि तिथूनच तक्रार नोंदवा. दुकानदाराला किंवा संस्थेला केलेलं यूपीआय पेमेंट त्यांच्याकडं पोचलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणं व्यवहाराचा दिवस सोडून ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला पाहिजेत. त्याच्या पुढं उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. २६ रुपयांच्या तिकिटावर १०० रुपये रोज, म्हणून बँका हे ऐकतात. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार फुकटात होते. यात एसटीकडं जायची गरजच पडत नाही, कारण त्यांच्या हिशेबात ते पैसे आलेलेच नसतात. उलट पैसे त्यांच्याकडं पोचले अन् तिकीट तेवढं निघालं नाही, असं बँकेनं लेखी कळवलं, तरच आगारात अर्ज. अर्जात यूटीआर, गाडीची वेळ, मार्ग, अन् त्याच प्रवासाचं रोखीचं तिकीट जोडायचं.

एक सांगून ठेवतो: वाहकाच्या स्वतःच्या मोबाइलवर पैसे पाठवून मोकळं होऊ नका. तो भला माणूस असला तरी तपासणीत तोच फसते.

---

खापरी_स्टेशन

कार्डाबद्दल. लोक दोन-तीन वेगळ्या गोष्टींना एकच समजतात.

नागपूर मेट्रोचं महा कार्ड आणि बँकांची नवी रुपे कार्डं "एनसीएमसी" या देशभराच्या पद्धतीची असतात, ही पद्धत मार्च २०१९ मध्ये आली. अशा कार्डात पैशाचे दोन कप्पे असतात. एक बँकेच्या सर्व्हरवर, दुसरा कार्डाच्या चिपमध्ये. गेट किंवा बसचं मशीन वाचतं ते चिपमधलं, कारण तिथं नेट न लागता अर्ध्या सेकंदात काम व्हायचं असतं. तुम्ही अॅपमधून ५०० भरले तर ते पहिल्या कप्प्यात पडतात. स्टेशनवरच्या खिडकीवर किंवा मशीनवर कार्ड टेकवून ते चिपमध्ये उतरवावे लागतात. काही बँकांच्या अॅपमध्ये, फोनात एनएफसी (कार्ड टेकवून वाचायची सोय) असेल तर, फोनाच्या पाठीला कार्ड लावूनही हे होतं. "पैसे भरले पण गेट उघडत नाही" याचं कारण जवळजवळ दरवेळी हेच असतं.

चिपमध्ये जास्तीत जास्त २,००० रुपये मावतात. त्याला पिन नाही, म्हणून कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे हरवले, ब्लॉक करूनही परत येत नाहीत. खेड्यातून महिन्यात एक-दोनदा नागपूरला येणाऱ्यानं दोनशेच्या वर चिपमध्ये ठेवूच नये. केवायसी न करता मिळणारी प्रवासाची कार्डंही असतात. त्यात ३,००० पर्यंत ठेवता येतात, पण रोख काढता येत नाही, कुणाला पाठवता येत नाही, परतही मिळत नाहीत.

आता एसटी. कार्ड एकच असलं तरी समोरच्या मशीनला ते वाचायची सोय चालू असावी लागते, म्हणून चढतानाच वाहकाला विचारा आणि रोख बाळगा. आणि मशीननं कार्ड वाचलं तरी चालते ती फक्त शिल्लक. मेट्रोची सवलत, विद्यार्थ्याचा पास, ज्येष्ठांची सवलत हे सगळं चिपमधल्या वेगवेगळ्या खणात त्या-त्या संस्थेनं लिहिलेलं असतं, एकाचा खण दुसऱ्याचं मशीन उघडत नाही. "मेट्रोत सवलत मिळते मग इथं का नाही" याचं उत्तर एवढंच.

म्हाताऱ्यांचं २०१९ चं कार्ड या पद्धतीचं नाही. ते एसटीच्या जुन्या मशीनसाठी होतं. वर्षाला ४,००० किमीची मर्यादा मोजता यावी हा त्यामागचा एक हेतू. मशीनं बदलल्यावर ते निव्वळ प्लॅस्टिक झालं. ७५ च्या वरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीच्या गाड्यांत राज्यभर मोफत प्रवास आहे, शहरी बस सोडून. त्यासाठी आधार, मतदान कार्ड, वाहन परवाना, किंवा फोनातलं डिजिलॉकर, एम-आधार दाखवायचं. झेरॉक्स किंवा गॅलरीतला फोटो दाखवून वाद घालू नका. मोफत असलं तरी शून्य रुपयाचं तिकीट घ्यायचंच. सरकार महामंडळाला भरपाई देतं ती या तिकिटांच्या मोजणीवर, आणि ते नसेल तर प्रवासी विनातिकीट धरतात.

एसटीच्या सवलतीचं नवं कार्ड "सक्तीचं झालं, आजच काढा" म्हणत कुणी पैसे मागत असेल तर आधी आगाराच्या सूचनाफलकावर परिपत्रक वाचा. मागच्या, २०१९ च्या कार्डाला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली होती, शेवटच्या तारखेच्या भीतीनं लोकांनी उगाच रांगा लावल्या. आणि कार्ड काढायच्या आधी आधारवरची जन्मतारीख बघा. आमच्याकडच्या कित्येक म्हाताऱ्यांच्या आधारवर १ जानेवारीच आहे, आणि वर्ष अंदाजानं टाकलेलं. वय तिथं कमी असेल तर कुठलंही कार्ड सवलत देणार नाही.

---

झरीवाला

लय मोकळं झालं जी. आता एकच: पांढरकवड्याहून आदिलाबादच्या गाडीत बायांचं तिकीट पिंपळखुटीच्या पुढं एकदम वाढते. अन् तेलंगणात तर बायांना फुकट आहे म्हणतात.

---

वेबिल

एसटीची निम्मी सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. हद्दीपर्यंत अर्धं, पुढं पूर्ण, दोन्हींची बेरीज एका तिकिटात येते म्हणून उडी वाटते. ज्येष्ठांचंही तसंच, ७५ च्या वरच्यांनाही हद्दीच्या पुढचं भाडं भरावं लागतं.

तेलंगणाची मोफत योजना डिसेंबर २०२३ पासून आहे, पण ती त्यांच्या महामंडळाच्या पल्ले वेलुगू (खेड्यापाड्यांच्या साध्या गाड्या) आणि एक्सप्रेस गाड्यांत, त्यांच्या हद्दीत, आणि तेलंगणाचा पत्ता असलेल्या ओळखपत्रावर. महाराष्ट्राच्या आधारवर मिळत नाही. त्यांच्या गाडीत पांढरकवड्याहून बसलात तर आपली निम्मी सवलतही नाही, कारण ती आपल्या महामंडळाच्या गाडीला आहे. तेव्हा बाईनं आदिलाबादला जाताना दोन्ही गाड्या उभ्या असतील तर आपलीच धरावी, हद्दीपर्यंतचं तरी अर्धं वाचतं.